सशापुढं पळालेला कुत्रा

चंद्रपूर शहर एका कुत्र्याच्या फजितीवर उभं आहे. आमच्याकडं ही गोष्ट शाळेत जायच्या आधीच कानावर पडते, त्यामुळं ती किती विचित्र आहे हे लक्षातच येत नाही. माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा, म्हणजे एका मावसभावानं 'कोणता कुत्रा घेऊ?' असं विचारून माझ्या डोक्याला भुंगा लावला तेव्हा.

गोष्ट अशी. पंधराव्या शतकातला गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा. राजधानी वर्धा नदीकाठचं बल्लारपूर. राजाच्या अंगभर गाठी उठलेल्या, वैद्य थकलेले. एकदा शिकारीला निघाला असता तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका डबक्यातलं पाणी तो प्यायला, हातपाय धुतले, आणि गाठी बऱ्या झाल्या. ती जागा म्हणजे आजचं अंचलेश्वर. पुढं तिथंच फिरत असताना त्याला दिसलं की एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागं लागलाय. कुत्रा पुढं, ससा मागं. कुत्रा मोठमोठी वळणं घेत गोल पळतोय आणि ससा त्याला गाठू पाहतोय. शेवटी कुत्रा उलटला आणि त्यानं सशाला मारलं. तेव्हा राजाला सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका दिसला. राणीनं सल्ला दिला की ही भूमी शूरांची आहे, इथं नगर वसवा. कुत्रा ज्या वाटेनं पळाला त्या वाटेवर कोट बांधा. म्हणून 'चांदा'. 1964 साली त्याचं अधिकृत नाव चंद्रपूर झालं, तरी आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून चांदाच आहे.

तो कोट आजही आहे. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या चार वेशी, आणि बगड, हनुमान, मसाण, चोर, विठोबा या पाच खिडक्या. जटपुरा गेटच्या कमानीखालून ऑटो, शाळेच्या बस आणि बुलेटवाले पोट्टे दिवसभर जात असतात. त्यातल्या कुणालाही विचारा, ससा आणि कुत्रा त्याला माहीत असतो. एकोणिसाव्या शतकात जमाबंदीसाठी आलेल्या मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं ती आपल्या अहवालात नोंदवली, तिथून ती गॅझेटियरमध्ये गेली, तिथून शाळेच्या सहलीच्या माहितीपत्रकात.

आता गंमत पाहा. हीच गोष्ट अहमदाबादची आहे. तिथं अहमदशहानं साबरमतीकाठी सशाला कुत्र्यावर धावून जाताना पाहिलं आणि 1411 मध्ये शहर वसवलं. हीच गोष्ट विजयनगरची, तिथं पाहणारे हरिहर आणि बुक्क. म्हणजे मध्ययुगात नगर वसवणाऱ्या राजांकडं एक तयार कथा होती. गरीब, भित्रा प्राणी ज्या मातीत बलवानावर उलटतो ती माती राजधानीला योग्य. या तिन्ही कथांत मान सशाला मिळतो. कुत्र्याचं कुणी नाव घेत नाही. पण मला नेहमी वाटतं की राजानं बरोबर आणलेला तो कुत्रा कसला होता, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. कारण राजाचा कुत्रा म्हणजे निवडून आणलेला कुत्रा, आणि निवडून आणलेला कुत्रा या जंगलात सशापुढं पळतो, हे मला निव्वळ दंतकथा म्हणून सोडून देता येत नाही.

कुत्रा निवडण्याची त्याहून जुनी एक नोंद दगडावर कोरलेली आहे. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथला वीरगळ शके 872 चा, म्हणजे इसवी सन 949-50 चा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण यानं तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवलं, त्या काळचा. (राष्ट्रकूट आम्हाला परके नाहीत. पहिल्या कृष्णाचे 772 सालचे ताम्रपट आमच्या भांदकलाच सापडले.) त्या लढाईत मणलेर नावाच्या एका वीरानं पराक्रम गाजवला. धनी खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. गाव मागता आलं असतं, सोनं मागता आलं असतं. त्यानं 'काळी' नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढं एका टेकडीवर या काळीला रानडुकराशी झुंजायला सोडलं; दोघंही एकमेकांना मारून मेले. तिच्यासाठी दगड उभारला गेला, त्यावर कुत्री आणि डुकराची झुंज कोरली, आणि त्या दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. तो दगड आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. मणलेराला काय हवंय ते नेमकं ठाऊक होतं. त्याला रानडुकराला भिडणारा प्राणी हवा होता, आणि तो प्राणी बहुतेक कसा मरणार हेही त्याला ठाऊक असणार.

दख्खनची शिकारी कुत्री म्हटली की आज आपल्याला कारवान आणि मुधोळ आठवतात. उंच पाय, आत गेलेलं पोट, लांब निमुळतं तोंड. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या राजापर्यंत पोचवली. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून देशी जाती पाळा म्हणून सांगितलं तेव्हा मुधोळचं नाव घेतलं, आणि नंतर पिल्लांचे भाव कुठल्या कुठं गेले. कुत्रा सुंदर आहे, यात वाद नाही. पण तो नजरेनं शिकार करतो. लांबवर हललेला ससा पाहायचा आणि वाऱ्यासारखं सुटायचं, हे त्याचं काम. त्यासाठी माळ लागतो, लातूर-सोलापूर-बागलकोटसारखा, जिथं दोन किलोमीटरवरचं एकटं बाभळीचं झाड दिसतं. आमच्याकडं सागवान आणि बांबू. पावसाळ्यानंतर बांबूच्या रांजीत दहा पावलांपलीकडं काय आहे ते वाघालाच माहीत. तिथं वेगाचा काही उपयोग नाही. वेगानं पळणारा कुत्रा इथं बांबूच्या खुंटावर पोट फाडून घेईल.

म्हणून जंगलातल्या माणसांनी वेगळा कुत्रा निवडला. निवडला म्हणण्यापेक्षा, जो टिकला तो ठेवला. मध्यम उंची, तांबूस किंवा करडा, उभे कान, वाकडी शेपूट, अंगावर चरबी नाही. गोंडीत त्याला 'नई' म्हणतात. तमिळ आणि मल्याळममधल्या 'नाय'चा हा सख्खा भाऊ. म्हणजे हा शब्द संस्कृतातून किंवा मराठीतून आलेला नाही, द्रविड भाषांच्या घरातलाच आहे. भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया पाड्यांत तुम्ही गेलात तर माणसाआधी तोच तुमची चौकशी करतो. पूर्वी पारधीला, म्हणजे सामूहिक शिकारीला, हेच कुत्रे जायचे. हाकारा, धनुष्यबाण आणि डुकराला रोखून धरणारे चार-सहा कुत्रे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि कागदावर ते थांबलं.

या कुत्र्याला इंग्रजांनी नाव दिलं 'परिया डॉग'. परिया म्हणजे तमिळ मुलखातली परैयर ही जात, गावाबाहेर ठेवलेली माणसं. माणसांना दिलेली शिवी साहेबानं कुत्र्याला लावली आणि ती इंग्रजी कोशात कायमची बसली. आपण मराठीत 'गावठी' म्हणतो, तेव्हा आपलाही सूर फार वेगळा नसतो. छावणीतल्या साहेबांची मात्र मजा होती. विलायतेहून आणलेले फॉक्सहाउंड उन्हानं आणि तापानं मरायचे, मग मिळतील ते टेरियर, स्पॅनियल आणि गावठी गोळा करून कोल्ह्यामागं सोडायचे. अशा खिचडी टोळीला त्यांच्या भाषेत 'बॉबरी पॅक' म्हणत. 'हॉब्सन-जॉब्सन' या जुन्या कोशाच्या मते बॉबरी हा शब्द आपल्या 'बाप रे'वरून आला. टोळीत सगळ्यात जास्त दिवस कोण टिकत असेल, ते सांगायला नको.

इथं कोळसुनाबद्दल बोलायला हवं, कारण ताडोबाला येणारे पाहुणे हमखास विचारतात की रानकुत्रं लहानपणी पकडलं तर माणसाळेल का. नाही. कोळसून दिसतो कुत्र्यासारखा, पण तो कुत्राच नाही. त्याची प्रजाती वेगळी. त्याच्या खालच्या जबड्यात दर बाजूला दोनच दाढा, कुत्र्याला तीन. तो भुंकत नाही, शीळ घालतो. सरकारनं त्याला एवढं पाप समजलं होतं की मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं. साहेबांना वाटायचं हा हरणं संपवतो, म्हणजे त्यांच्या बंदुकीसाठी काही उरत नाही. बक्षिसं 1972 च्या कायद्यानं संपली. आज तो संकटग्रस्त यादीत आहे, आणि त्याला एक नवा धोका आपल्या अंगणातून जातो. डिस्टेंपर. 1994 मध्ये सेरेंगेटीतल्या सिंहांपैकी साधारण एक तृतीयांश या कुत्र्याच्या रोगानं गेले. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हाही हाच विषाणू सापडला. बफर झोनमधल्या घरचं लस न टोचलेलं पिल्लू नाल्यावर पाणी पितं, त्याच नाल्यावर रात्री कोळसुनांचा कळप येतो. जातिवंत की गावठी, या प्रश्नाला त्या नाल्यावर काही अर्थ उरत नाही.

आता मावसभाऊ. त्यानं चंद्रपूर-मूल रस्त्यावर, गावाच्या अगदी कडेला प्लॉट घेऊन घर बांधलं. मागच्या कुंपणापलीकडं झुडपी जंगल सुरू होतं. घरात तो, वहिनी, पाच वर्षांची पोरगी आणि रात्रपाळी. मोबाइलवर त्यानं एक चाचणी सोडवली होती, 'तुमच्या जीवनशैलीला साजेसा कुत्रा'. घर किती चौरस फूट, व्यायाम किती, मुलं आहेत का, केस गळलेले चालतील का. उत्तर आलं लॅब्राडोर, दुसरा पर्याय हस्की. त्या चाचणीत 'तुमच्या घरामागं बिबट्या आहे का' हा रकाना नव्हता.

हस्कीचं मी हसण्यावारी नेलं. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात सत्तेचाळीसच्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरून पाण्याची वाफ करून अंग थंड ठेवतो. हस्कीच्या अंगावर दुहेरी केस असतात, सैबेरियाच्या बर्फासाठी. पगचं तर नाकच चपटं, नीट धापही टाकता येत नाही. तरी 2003 च्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर गल्लोगल्ली पग आले, जसे 1994 मध्ये सिनेमातल्या टफीमुळं पांढरे झुबकेदार कुत्रे आले होते. आपण कुत्रा निवडतो म्हणतो. बऱ्याचदा तो पडद्यावरून आपल्याला निवडून दिलेला असतो.

पण बिबट्याचं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, 2014 मध्ये तो छापून आला. उसात राहणाऱ्या त्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. शेळ्या नव्हे, वासरं नव्हे, कुत्रे. आमच्याकडं चितळ आणि डुकरं आहेत म्हणून आकडा वेगळा असेल, पण बिबट्याची चव तीच. चंद्रपूरच्या वीज केंद्राभोवती, दुर्गापूर-ऊर्जानगरच्या वस्त्यांत, 2022 च्या सुरुवातीला वाघानं एका कामगाराला आणि बिबट्यानं एका शाळकरी मुलाला नेलं. तिथले लोक सांगतात की बिबट्या आधी कुत्र्यांसाठी येतो. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर कुत्रे जमतात, कुत्र्यांमागं तो. म्हणजे ओट्यावर साखळीनं बांधलेला कुत्रा हा राखणदार नसतो. तो बिबट्याला दिलेलं आमंत्रण असतो, आणि ते पाच वर्षांच्या पोरीच्या दारात ठेवलेलं.

मी त्याला आमच्या मामाकडं घेऊन गेलो. मामा मूल तालुक्यातले, धानाची शेती, वय सत्तरच्या पुढं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "कुत्रा कायले पाह्यजे तुले? शोभेले का राखणीले? अन् रातच्याले कुठी झोपन तो?"

मावसभावाकडं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मामांनी मग सांगितलं ते मला कोणत्याही पुस्तकात सापडलेलं नाही. वावरात जागलीला नेला जाणारा कुत्रा वेगळा, मोहफुलं वेचायला नेलेला वेगळा. जागलीचा कुत्रा माणसाजवळ, मचाणाखाली राहिला पाहिजे; डुकरामागं पळणारा तिथं नको. मोहाला पहाटे बाया जातात, खाली वाकून वेचत असतात, वाकलेलं माणूस जनावराला जनावरासारखंच दिसतं. तिथं कुत्रा हवा तो थांबून भुंकणारा, पळत सुटणारा नाही. पळणाऱ्या कुत्र्याचा घात असा की तो अस्वलाला किंवा बिबट्याला छेडतो, घाबरतो आणि थेट मालकिणीच्या पायात येऊन लपतो. मागून जनावर येतंच. असा कुत्रा नसलेला बरा. आणि वाघासाठी कोणताच कुत्रा पुरत नाही, तो फक्त तुम्हाला दोन क्षण देतो. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या बातमीनंतर दोन क्षण ही काय चीज आहे ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मावसभावानं मध्येच विचारलं, मग मोठा परदेशी दांडगा कुत्रा आणला तर? मी त्याला शेजारच्या यवतमाळची आठवण दिली. 2018 मध्ये पांढरकवड्याच्या टी-1 वाघिणीवर, जिला लोक अवनी म्हणतात, तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिला शोधायला हत्ती आणले, कॅमेरे लावले, एका परदेशी ब्रँडचं अत्तर शिंपडलं, आणि एका गोल्फ खेळाडूचे केन कोर्सो कुत्रे आणले. इटलीची जात, रोमन फौजांच्या कुत्र्यांचे वंशज म्हणवले जाणारे, पन्नास किलोचे. बोराटीच्या जंगलात 2 नोव्हेंबरच्या रात्री वाघीण मेली ती गोळीनं, आणि ती गोळी योग्य होती का यावर कोर्टापर्यंत वाद गेला. पण कुत्र्यांनी तिला गाठलं नव्हतं. माग काढणं हे वासाचं आणि शिकवणीचं काम आहे, वजनाचं नाही. पुढं मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी घाला म्हणून राज्यांना पत्र लिहिलं, त्यात केन कोर्सो होता. महिन्याभरातच कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. मला बंदीचं फारसं कौतुक नाही. पण शहरातल्या बंगल्यात साखळीला बांधून चिडवलेला पन्नास किलोचा प्राणी हा कुणाच्या जीवनशैलीला साजेसा असतो, हे मला अजून कळलेलं नाही.

मामांकडं तेव्हा एक कुत्री व्यालेली होती. पाच पिल्लं, डोळे उघडलेली. मामांनी टाळी वाजवली. दोन पिल्लं अंगावर धावून आली, दोन पडवीखाली पळाली. एक जागच्या जागी उभं राहिलं, कान टवकारले आणि भुंकलं. "हे," मामा म्हणाले. "पण आता नाही. दोन महिन्याचं होऊ दे. अन् आधी खोली बांध."

मावसभावानं लॅब्राडोरसाठी ठेवलेल्या पैशांतून स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून विटांची खोली बांधली. आत माणूस वाकून जाईल एवढी. वर सिमेंटचा पत्रा, त्यावर उन्हाळ्यासाठी तणस, पुढं बाराच्या सळईचा दरवाजा, आतून जाळी. अंधार पडायच्या आत कुत्रा खोलीत, उजाडल्यावर बाहेर. वहिनीनं ताटातलं उरलेलं कुंपणापाशी टाकणं बंद केलं. कोंबड्यांचं खुराडं पुढच्या बाजूला आणलं. पिल्लू आणलं तेव्हा डिस्टेंपरची पहिली सुई सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचली, रेबीजची तिसऱ्या महिन्यात. दवाखान्यातल्या नोंदवहीत जातीच्या रकान्यापुढं कंपाउंडरनं सवयीनं 'गावठी' लिहिलं. पोरीनं नाव ठेवलंय ससा.